काल्हेरची ऑर्डर

मला कधीमधी बोलायला बोलावतात. मोठ्या सभांना नाही. महिला मंडळ, विहारातला एखादा कार्यक्रम, स्वयंरोजगाराचं शिबिर, असंच. गुलाबाचं फूल देतात, दोन शब्द बोला म्हणतात, आणि मग कुणीतरी तो प्रश्न विचारतंच — ताई, धंदा सुरू करायची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?

माझं उत्तर ठरलेलं आहे. घरची परिस्थिती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, नवऱ्याचं काम सुटलं, पदरात लहान लेक — कुणीतरी उभं राहायला हवं होतं, मी राहिले. टाळ्या पडतात. एखादी बाई पदरानं डोळे पुसते.

ह्यातली प्रत्येक गोष्ट घडलेली आहे. आणि तरीही उत्तर खोटं आहे. खरं काय ते माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं शोधायला मी गेलेली नाही.

पहिली गोष्ट ही, की मी क्रम बदलते. भाषणात सासूबाई आधी पडतात आणि दुकान मागून येतं. प्रत्यक्षात दुकान आधी आलं. हा फरक ऐकणाऱ्याला छोटा वाटेल. पण सगळं त्यातच आहे.

मी मूळची अंजूरची. खाडीच्या बाजूला आमचं थोडं शेत होतं, आणि लहानपणी दुपारच्या दुपार मी बांधावर एकटी बसलेली असायचे. शेळ्या चरत, मी बसून. कुणी विचारत नसे काय करतेस म्हणून. लग्न होऊन भिवंडीत आले ती एका खोलीत. पुढे पडवी, मागे मोरी. सासूबाई, नणंद शोभा, आमचे हे, मी, आणि पुढे लेक झाली, लता. माणसं वाईट होती का? मुळीच नाही. सासूबाईंनी मला कधी घालूनपाडून बोलल्याचं आठवत नाही. पण त्या हाक मारायच्या. "सुमन, पानी हाय का?" "सुमन, डबा भरला?" "सुमन, खंय गेलीस गो?" खोलीत जाणार कुठं मी? मोरीला पत्र्याचं दार होतं, आणि त्या दारावरही थाप पडायची. हा छळ होता असं मी म्हणत नाही. घरोघर असंच होतं. फक्त मला ते जमत नव्हतं, आणि जमत नाही हे म्हणायला शब्द नव्हता. आजारी असते तर सांगता आलं असतं. मारहाण होत असती तर सांगता आलं असतं. मला थोडा वेळ कुणी हाक मारू नका — हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत कधी मंदी यायची, कधी जायची. एकदा ती अशी आली की कापड विणायचे लूम गल्लीच्या गल्ली बंद. हे सायझिंगमध्ये होते, सुताला खळ लावतात तिथं. ते बंद पडलं आणि हे घरी बसले. खोलीत आणखी एक माणूस वाढलं, दिवसभर. मला शिवणकाम येत होतं, लग्नाआधी क्लास केला होता. मी म्हटलं, मी कपडे शिवते. सगळ्यांनी मान डोलावली. ह्यांनी तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बुडताना हात दिला. जुनी मशीन आणली, आणि सासूबाईंनी खिडकीजवळची आपली जागा रिकामी केली — इथं ठेव, उजेड चांगला हाय.

तेव्हा मी पहिलं खोटं बोलले. म्हटलं, घरात गिऱ्हाईक येत नाही, धंदा म्हटला की गाळा पाहिजे.

उलट होतं हो. वस्तीतल्या बायका ब्लाऊजचं माप द्यायला घरीच यायच्या, चहा घेऊन, गप्पा मारून. दुकानात जायला त्यांना संकोच वाटायचा. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी एक गाळा पाहून ठेवला होता. दोन लूमच्या शेडमध्ये चिंचोळी फट राहावी तसा. मालक स्वस्तात द्यायला तयार होता, कारण तिथं कुणी टिकत नव्हतं. दोन्ही बाजूंनी लूम सुरू झाले की भिंती थरथरायच्या, बोललेलं समोरच्याला ऐकू जायचं नाही. मालक म्हणाला, "आवाज खूप आहे ताई, डोकं उठेल." मी म्हटलं, चालवून घेईन.

त्या गाळ्याला फळ्यांचं दार होतं आणि आतून कडी होती. धंद्याची प्रेरणा विचारता ना — ती ही. ती कडी.

दुपारी मी दार लावून घ्यायचे. काय करायचे आत? काही नाही. भिंतीला टेकून बसायचे. खटखट-खटखट असा तो आवाज चारी बाजूंनी अंगावर यायचा, आणि त्या आवाजात कुणाचीही हाक पोचू शकत नव्हती. कुणी मारली तरी. लोक म्हणतात लूमच्या आवाजानं कान बधिर होतात. मला त्या आवाजात शांत वाटायचं, एवढंच सांगू शकते. काम फारसं नव्हतं. थोडे ब्लाऊज, परकर, साडीला फॉल. तासाभराचं काम मी दिवसभर पुरवायचे. संध्याकाळी घरी गेले की सासूबाई म्हणायच्या, दमली गो पोर. लताला माझ्या अंगावर येऊ द्यायच्या नाहीत, आईला बसू दे जरा म्हणायच्या. आणि मी दमल्यासारखी बसायचे.

पुढं मंदी ओसरली, हे पुन्हा सायझिंगला लागले. आता दुकानाची गरज काय, असं कुणी म्हणेल म्हणून मला धास्ती होती. कुणी म्हणालं नाही. उलट, वहिनीनं अडचणीत घर सांभाळलं असं शोभा गल्लीत सांगत फिरायची.

शोभाबद्दल सांगायला हवं. ही माझी नणंद, माझ्याहून बरीच लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती आणि माझ्या कुशीत झोपायची. अभ्यासात हुशार म्हणावी अशी नव्हती, पण शिकवण्याचं वेड भारी. गल्लीतली पोरं धरून आणायची, पडवीत बसवायची, भिंतीवर खडूनं लिहून पाढे म्हणून घ्यायची. बारावी झाली आणि ठाण्याच्या डी.एड. कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. आमच्या वस्तीत पोरीनं शिकणं म्हणजे घरातल्या सगळ्यांनी शिकणं. आमच्या गल्लीतली मास्तरीण होणारी ती पहिली. ह्यांनी पेढे आणले. शेजारच्या काकूंनी तिला पेन दिलं.

आणि त्याच आठवड्यात सासूबाई मोरीजवळ पडल्या.

उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना उचलून बसवायला लागायचं, भरवायला लागायचं, खालचं सगळं करायला लागायचं. ते मुलानं करायचं नाही, ते बायकांनी करायचं — हे कुणी बोललं नाही, पण ठरलेलंच होतं. अंजूरची माझी चुलती, एकटी बाई, बघायला आली होती. ती म्हणाली, "लावनी झाली का येते मी. म्हैनाभर काढा." म्हणजे प्रश्न महिन्याचा होता. सगळ्या आयुष्याचा नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, नाहीतर तुम्हाला वाटेल माझ्यासमोर फार मोठा डोंगर होता.

रात्री जेवताना हे म्हणाले, "सुमन, महिनाभर दुकान बंद ठेव. चुलती आली की तू मोकळी. शोभाचं कॉलेज सुरू होतंय."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यात हुकूम नव्हता. मी घास गिळला आणि म्हटलं —

"बंद कसं ठेवू? काल्हेरची ऑर्डर आलीय."

तोंडातून निघून गेलं आणि मगच मला कळलं मी काय बोलले. काल्हेरला तेव्हा गोदामं उभी राहायला लागली होती. माहेरी जाता-येता मला ती बसमधून दिसायची, आणि तिथं खाकी शर्टातले हमाल ट्रकमधून माल उतरवताना दिसायचे. बाकीचं आपोआप जुळत गेलं. हमालांचे शर्ट आहेत. खाकी. लवकर द्यायचेत. नाही दिले तर पुन्हा विचारणार नाहीत. मी ऐकत होते स्वतःला. किती नीट बोलत होते मी!

ह्यांचा चेहरा उजळला. शोभानं तर टाळ्याच वाजवल्या. "वहिनी, खरंच? गोदामाची ऑर्डर?" आणि तीच म्हणाली, "मग दुकान बंद नको ठेवूस. मी बघते आईला. कॉलेजात विचारते, महिनाभर उशिरा आले तर चालेल का."

अंथरुणावरून सासूबाई बघत होत्या. त्यांना किती कळत होतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि नसलेल्या ऑर्डरचे शर्ट बेतायला घेतले. खाकी कापडाचा तागा माझ्याकडे पडून होता. शाळेच्या चड्ड्यांचं काम मिळेल म्हणून आणलेला, ते काम मिळालं नव्हतं. हे वाटेत डोकावले तर टेबलावर काहीतरी दिसायला हवं. म्हणून कापले. कुणाच्या मापाचे? कुणाच्याच नाही. ह्यांचा एक जुना शर्ट पुढ्यात ठेवला आणि त्यावरून कापत गेले, थोडे मोठे, थोडे लहान.

हे खरंच आले. ड्युटीवरून परतताना, कौतुकानं. मी कापलेल्या बाह्या हातात धरून उभी होते. तेवढ्यात शेजारच्या लूमचे मालक दारात आले. त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. चाचांना माझ्या दुकानाची सगळी खबर असायची. कोण येतं, कोण जातं, माझं दार दुपारी किती वेळ बंद असतं, सगळं त्यांच्या बाकड्यावरून दिसायचं. ह्यांनी त्यांना मोठ्यानं, लूमच्या आवाजावर ओरडून सांगितलं, "काल्हेर का आर्डर मिला है, चाचा!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाँ हाँ, बहुत काम है आजकल बहनजी को. सर उठाने की फुरसत नहीं."

ते का खोटं बोलले? मी कधी विचारलं नाही, त्यांनीही पुढे कधी विषय काढला नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, बाईला घरी त्रास आहे. तसं वाटलं असेल तर माझ्या नवऱ्यावर तोही अन्यायच. तो माणूस माझ्यासाठी भजी घेऊन आला होता त्या दिवशी.

आता मी मुद्द्याजवळ येतेय. इतका वेळ लावला, कारण — नाही, कारण नको.

शोभाला कॉलेजात हजर व्हायचं होतं तो दिवस आला. मूळ दाखले दाखवायचे, सही करायची, आणि महिनाभराची सवलत मागायची. सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता आलं असतं. ह्यांची पहिली शिफ्ट होती, काम नुकतंच पुन्हा लागलेलं, खाडा करण्याची सोय नव्हती. शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. शोभानं रात्रीच साडीला इस्त्री करून ठेवली होती. तांब्यात निखारे घालून. सकाळी मी वेणी घालत होते तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली.

"वहिनी, फक्त आजचा दिवस बसशील आईजवळ? दुपारी मी येतेच."

"आज माल जायचाय गं. टेम्पो येणार आहे," मी म्हटलं.

"दुपारनंतर बोलावता नाही येणार?"

"त्यांचा टेम्पो. आपल्या हातात आहे का?"

ती म्हणाली, "बरं." एवढंच. रडली नाही, आदळआपट केली नाही. इस्त्री केलेली साडी तशीच घडी करून ट्रंकेत ठेवली, पदर खोचला आणि आईची कूस बदलायला गेली.

मी आरशात बघून टिकली लावली आणि निघाले.

आज मी विचारते स्वतःला — निदान तो एक दिवस का दिला नाही? उत्तरं दोन आहेत. एक, मला भीती होती. आज एक दिवस बंद ठेवून काही बिघडलं नाही असं दिसलं, तर हे उद्या म्हणतील, म्हणजे ठेवता येतं की बंद. हे उत्तर त्यातल्या त्यात बरं आहे. दुसरं उत्तर असं की तो दिवस मला हवा होता. घरात आजारी माणूस आल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ लागली होती. मला तो गाळा हवा होता, त्या दिवशीही हवा होता, आणि दुसऱ्या कुणाला काय हवंय हे माहीत असूनही हवा होता.

दुकानात जाऊन मी दार लावलं, कडी घातली. टेम्पो येणार नव्हता. कुणीच येणार नव्हतं. खाकी कापडाचे तुकडे जमिनीवर पसरलेले होते, त्यांवर मी आडवी झाले. दोन्ही बाजूंना लूम चालू होते. जमीन थरथरत होती, पाळण्यात असल्यासारखी. आणि मी झोपले.

हे आहे ते. एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

खोटं बोलले ते एक झालं. माणसं बोलतात. पण त्या दिवशी माझं मन मला खात नव्हतं. मी रडत बसले नव्हते, अर्ध्या वाटेवरून परत फिरावंसं वाटलं नव्हतं. मी झोपले — आणि इतकी गाढ झोप मला लग्न झाल्यापासून लागली नव्हती. जागी झाले तेव्हा गालावर कापडाचे वळ उठले होते. फळ्यांच्या फटीतून ऊन आत आलं होतं. मी उठून तोंड धुतलं, चाचांच्या पोऱ्यानं आणलेला चहा प्याले. ठाण्यात कॉलेजची खिडकी त्या वेळेस बंद होत असेल. ते माझ्या मनात आलं. आलं, आणि मी चहा संपवला.

मी सुखी होते हो. त्या एका दिवशी मी पूर्ण सुखी होते.

शोभाची जागा गेली. पुढे हे एकदा रजा टाकून जाऊन आले, हात जोडून आले. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, यादी बंद झाली, त्या जागेवर प्रतीक्षेतली मुलगी आली. पुढच्या वर्षी करू असं ठरलं. पुढच्या वर्षी यादीचे गुण वर चढले आणि तिचं नाव आलं नाही. त्यापुढच्या वर्षी तिला स्थळं यायला लागली होती.

चुलती लावणी झाल्यावर आली, म्हटल्याप्रमाणे. पण तोवर सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आईजवळ शोभा आहे. चुलती चार दिवस राहून परत गेली.

ते शर्ट मी शिवून पूर्ण केले. घरी सांगितलं माल गेला, पार्टी पेमेंट लांबवतेय. भिवंडीत ह्याचं कुणाला नवल वाटत नाही. शर्ट गोणपाटात बांधून टेबलाखाली सरकवून ठेवले.

आणि मग थंडीत एक दिवस काल्हेरच्या गोदामातला एक मॅनेजर खरोखरच माझ्या दुकानात आला. ऑर्डर घेऊन नव्हे. रस्त्यानं जाताना त्याच्या पँटची चेन तुटली होती म्हणून. मी चेन बसवत असताना तो स्टुलावर टॉवेल गुंडाळून बसला होता, आणि त्याला टेबलाखाली फाटक्या गोणपाटातून खाकी दिसलं. "ये किसका माल है?" मी म्हटलं, तयार आहे, पार्टीनं उचलला नाही. त्यानं शिवण ओढून बघितली, आणि सगळे घेतले. पुढच्या महिन्यात आणखी मागितले. मग त्याच्या ओळखीनं दुसरं गोदाम, मग कशेळीचं एक. गोदामं वाढत गेली तसे हमाल वाढले, ड्रायव्हर आले, वॉचमन आले, आणि सगळ्यांना शर्ट लागत होते. नव्वदनंतर मी बाजूचा गाळा घेतला. बायका कामाला ठेवल्या. ह्यांनी सायझिंग सोडून माझ्याकडचा हिशोब बघायला घेतला.

खोटं बोललेलं पुढं खरं झालं, तर ते खोटं राहतं का? मी ह्यावर पुष्कळ विचार केला. राहतं.

सासूबाई त्यानंतर काही वर्षं होत्या. शोभानं त्यांना पुन्हा बोलायला शिकवलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. शोभा रोज दुपारी पाटी घेऊन बसायची. पा. नी. पाणी. तोंड असं कर आई, ओठ मिटव, आता उघड. गल्लीतली पोरं भोवती बसून आजीबरोबर म्हणायची. एका दुपारी ती धावत दुकानात आली. पायात चप्पल नव्हती. लूमच्या आवाजात मला काही कळेना, तेव्हा माझ्या कानाला तोंड लावून ओरडली, "वहिनी, आई बोलली! स्पष्ट बोलली! तुझं नाव घेतलं — सुमन म्हणाली!"

तिचे डोळे भरले होते. मी तिला जवळ घेतलं. आणि माझ्या मनात काय आलं ते सांगू? माझ्या मनात आलं — पुन्हा हाका सुरू होणार.

शोभा पुढे माझ्याच दुकानात काज-बटण करायला लागली. हात चांगला होता तिचा. मग कशेळीला तिचं लग्न झालं. माणूस टेम्पो चालवतो, बरा आहे. ती घरी पोरांच्या शिकवण्या घेते. पडवीत बसवून, पहिली-दुसरीच्या. फळा आहे तिच्याकडे, मीच घेऊन दिला. लोक तिला बाई म्हणतात. ती हसते, म्हणते मी कसली बाई, माझ्याकडे कागद कुठाय.

आणि माझ्या दुकानात आता दिवसभर मला हाका पडतात. ताई, धागा संपला. ताई, मशीन अडकली. कडी गंजून गेली, फळ्या काढून शटर बसवलं. ज्यासाठी धंदा केला ते धंदा वाढल्यावर राहिलं नाही. ही शिक्षा झाली असं समजून मी थोडे दिवस समाधान करून घेतलं. पण ती शिक्षा नाही. ती नुसती भरभराट आहे. शिक्षा असती तर शोभाला तिची जागा परत मिळाली असती.

मागल्या वर्षी विहाराच्या मैदानात महिलांचा मेळावा होता. मला स्टेजवर बसवलं होतं. शोभा कशेळीहून मुद्दाम आली होती, पहिल्या रांगेत, लताच्या शेजारी. एका कॉलेजातल्या मुलीनं तोच प्रश्न जरा वेगळा करून विचारला. चष्मा होता तिला, वहीत लिहून घेत होती. "ताई, धंदा सुरू करताना माणसाचा हेतू काय असावा?" मी म्हटलं, हेतू शुद्ध असावा. स्वतःसाठी सुरू केलेला धंदा टिकत नाही, घरासाठी केलेला टिकतो. असं म्हटलं मी. माइकवर. टाळ्या वाजल्या. शोभा सगळ्यांच्या आधी वाजवत होती.

परतताना मी आणि ती एका रिक्षात. लता मैत्रिणींबरोबर मागं राहिली होती. संध्याकाळ व्हायला आली होती, शिफ्ट सुटलेली, रस्त्यावर माणसांची गर्दी. मग शोभा बाहेर बघत म्हणाली, "वहिनी, एक सांगू? तो कॉलेजचा दिवस आठवतो तुला? मला फार रडायला येत होतं तेव्हा. पण मग मनात आलं, वहिनी एवढी घरासाठी राबतेय, तिच्या नावानं मी रडू कशी? म्हणून नाही रडले. नंतरसुद्धा कधी नाही रडले त्यावर."

रिक्षात तिसरं कुणी नव्हतं. रिक्षावाल्याला आमच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती. खरं सांगितलं असतं तर शोभा रागावली असती, बोलली नसती काही दिवस, कदाचित कायमची बोलली नसती. पण निदान ते रडणं तिचं तिला परत मिळालं असतं.

मी तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, "पदर आत घे गं, चाकात जाईल."

तिनं पदर आत घेतला.